लोणारच्या काठावर पाहुणी

लोणारच्या काठावर वहिनी पर्यटकांना सांगत होती, "उल्का आदळून काळ्या खडकात हे सरोवर झालं. आमचं पाणी इतकं खारट, की त्यात मासा जगत नाही. आणि काठावर मात्र गोड्या पाण्याची धार!"

तिचं ते 'आमचं' मला टोचलं. इथे लहानाची मोठी मी झाले. ती तर लग्न होऊन जालन्याहून आलेली.

पर्यटक गेल्यावर तिनं गोणी उघडली आणि झुडपांत अडकलेलं प्लास्टिक वेचू लागली. गावातल्या बायकांना घेऊन ती नेहमी खाली उतरते, हे दादाकडून ऐकलं होतं. मीही वाकले, तर म्हणाली, "राहू द्या ताई, तुम्ही पाहुण्या."

तिनं ते मायेनंच म्हटलं होतं. पण जन्मानं मिळालेली जागा आपण सोडून जातो आणि दुसरं कुणीतरी ती जपून आपली करतं, हे पाहणं सोपं नसतं. तिचे काट्यांनी ओरखडलेले हात पाहून मला हेवा वाटला.

"मलाही एक गोणी दे," मी म्हणाले.

तिनं हसून दिली. तिच्याआधी माझी भरावी म्हणून मी भराभर वेचू लागले.