आबांच्या खोलीचा रंग

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास कोरेगावात आमच्या घराला रंग द्यायला एक रंगारी आला होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. प्रत्येक रंग तो आधी स्वतःच्या मनगटावर ओढायचा आणि एक डोळा मिटून वाळेपर्यंत बघत राहायचा.

मागच्या खोलीसाठी त्यानं पुठ्ठ्यावर राखाडीचे दोन पट्टे काढून आणले. एक जरासा निळसर, दुसरा मातकट.

"गुरुजी, कंचा लावू?"

"कुठलाही लाव. वडिलांची खोली आहे. दोन वर्षं अर्धांगानं पडून आहेत, त्यांना काय कळतंय!"

"आवं, पर दिसभर भिताडाकडं त्येच बघनार न्हवं?"

वडिलांची खाट तेव्हा पुढच्या सोप्यात होती. रंगारी हात पुसून त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि पुठ्ठा उजेडात धरून म्हणाला, "आबा, सांगा की. घाई न्हाई."

वडिलांची वाचा गेली होती. बऱ्याच वेळानं त्यांचं बोट थरथरत उठलं आणि निळसर पट्ट्यावर टेकलं. त्यांचे डोळे भरून आले.

दोन वर्षांत मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. मी दारातच उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली.