घाटाला भिणारे जनूदादा

गाडी सुरू करण्याआधी जनूदादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून क्षणभर डोळे मिटत. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "देव कसला रे! भ्या वाटतं, ते आधी गिळून घेतो." मुरबाडच्या नाक्यावर त्यांचं गॅरेज. जन्म गाड्यांखाली गेलेला माणूस गाडीला भितो, याचं मला हसू आलं होतं.

ते हसू टिकलं नाही. बाबांना डायलिसिससाठी आमच्या गावाहून, वैशाखऱ्याहून, मुरबाडमार्गे कल्याणला जुन्या डिझेल गाडीतून न्यावं लागे, आणि ती तापली की चालता चालता बंद पडू लागली. स्टिअरिंगपुढचा बिघाडाचा पिवळा दिवा लागायचा. शहापूरच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला. इंजिनच्या फेऱ्या मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला, म्हणून सेन्सर बदलून घेतला. थोड्याच दिवसांत पुन्हा तोच दिवा, तोच कोड.

मग एकदा कल्याणहून परतताना गाडी जनूदादांकडे नेली. त्यांनीही स्कॅनर लावला, पण पाना उचलला नाही. "कोड एवढंच सांगतो, सेन्सरकडून खबर येत नाय. सेन्सरच मेला असं कुठं म्हणतो? बंद पडल तेव्हाच बघायला लागल. चल घाटात, चढावर तापल ती." मागच्या सीटवरच्या बाबांना त्यांनी हात धरून उतरवलं. "तुमी नाय, काका. आधी आमी जाऊन येतो." बोलताना त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

चढावर, ऐन वळणात, इंजिन गप्प झालं. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. मागून ट्रकचा भोंगा आला. दादा ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, पण इंजिन बंद पडल्यामुळे पेडल दगडासारखं झालं होतं.

"दगड लाव मागं! उतर!" ते ओरडले आणि हँडब्रेक खेचून त्यांनी पहिला गिअर टाकला. मी उडी मारून चाकामागे दगड सरकवला. ट्रक अंगाला वारा देऊन गेला.

"थंड व्हायच्या आत बघू," म्हणत दादांनी बॉनेट उघडलं. मी स्टार्टर मारत राहिलो. स्कॅनरवर इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा शून्यच. दादांनी काडीने सेन्सरची वायर हलवली, आकडा उसळला आणि इंजिन लागलं. वायर घासून घासून आतून तुटत आली होती. तिला गुंडाळायला टेपचं बंडल त्यांनी माझ्याच हातात कोंबलं. ते मी केलं. परतताना म्हणाले, "तू चालव. मला नाय जमणार आता."

गॅरेजात त्यांनी नवी वायर टाकली. बाबा पुढे वर्षभर त्याच गाडीतून गेले, आणि एके दिवशी हॉस्पिटलातच संपले.

जनूदादा भेटायला आले, ते दारातच थबकले. घाबऱ्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी गाडी... वाटेत बंद नाय ना पडली?"

"नाय, दादा. कधीच नाय."

ते भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. डायलिसिसच्या दिवशी आमची गाडी कल्याणहून परत जाताना दिसेपर्यंत ते गॅरेज बंद करत नसत, हे मला त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं.