चहाआधीची नाडी

इंझोरीत अकरा वर्षं कोणाची छाती धडधडली की गावच्या आशा सेविकेचं, म्हणजे बेबीताईंचंच दार वाजायचं. मनगट धरायचं, डोळे मिटायचे आणि "हंऽऽ, इंजिन तापलं बरं" म्हणायचं, ही त्यांची पद्धत. मग उपकेंद्रात सुकेशनी सिस्टर आली आणि गाव म्हणू लागलं, "त्या पोरीचा हात थंडा हाय. तिनं धरलं की नाडी निवते."

निवते म्हणे. बेबीताईंचा नुसता जळफळाट.

त्यात उकंडराव, त्यांचा सगळ्यात जुना पेशंट. बेबीताईंनी घरी जाऊन मोजलं की बीपी एकशे बावन्न, नाडी शहाण्णव. सुकेशनीकडे गेला की एकशे चौतीस आणि ब्याऐंशी. "आता मी सिस्टरकडेच जाईन बाप्पा," त्यानं पारावर जाहीर केलं.

ताई गोळ्या न्यायचं निमित्त काढून उपकेंद्रात गेल्या. मशीन तसंच, पट्टा तसाच. पण सुकेशनीनं उकंडरावला अर्धा घंटा बाकावर नुसतं बसवलं, आणि त्याच्या बायकोनं, कमलीबाईनं, थर्मास उघडला तर म्हणाली, "चहा मागून, काकू. आधी मोजू."

"काहून वो?" ताईंनी विचारलं.

"आपल्या अंगात अडिनोसिन नावाची चीज तयार होते, ताई. हृदयावर तिच्या जागा असतात. तिथं बसून थे म्हणते, हळू चाल. तणावाचं रसायन सुटते, त्यालेबी थेच आवरते. पण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा चहा तिची जागा धरते. अडिनोसिन उभंच. मंग हृदय पळते."

दुसऱ्याची जागा धरणं म्हणजे काय, हे ताईंना समजवायची गरज नव्हती. पण अकरा वर्षं घरोघरी आधी चहा आणि मग मनगट, हेही त्यांना आठवलं. उकंडरावकडे तर दोन कप, काळा, कडक.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी कमलीबाईनं चहाचा गंज चुलीवर ठेवला.

"चहा नका ठेवू. काका, शांऽऽत बसा हं," ताई म्हणाल्या. आवाज थेट सुकेशनीचा निघाला.

उकंडराव हसला. "सिस्टरनं शिकवलं वाटते?"

"तिले कोणं शिकवलं मंग?" ताईंनी बेधडक ठोकून दिलं.

अर्ध्या घंट्यानं बीपी एकशे छत्तीस, नाडी ऐंशी. दोन ठोके सुकेशनीपेक्षा कमी. ताईंनी आकडा दोनदा वाचून दाखवला.

"तुमचाबी हात थंडा झाला," उकंडराव खूश होऊन म्हणाला. "आता मोजाले तुमीच. चहा प्याले मात्र सिस्टरकडे जाईन. मोजल्यावर अद्रकवाला पाजते थे."

बेबीताईंनी पदर खोचला.

"सरका काकू, अद्रक कुठं हाय? चहा मी करतो."