पाचवं बोट

मंडळी, मी फ्रीलान्स चित्रं काढते. आज चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी पोस्टर दाखवायला गेले होते. त्यासाठी आधीच तिथल्या, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधल्या युसुफभाईंना समोर बसवून त्यांचा हात स्केच केला होता. "जसा हाय तसाच काढा, ताई," ते म्हणाले होते.

एचआर मॅडम चित्र बघून हसल्या. "एआयकडून करून घेतलंत ना? एक बोट कमी आलंय."

म्हटलं, "मॅडम, ते तुमच्याच मशीनमध्ये गेलंय."

त्यांनी चित्र माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाल्या, "असेल, पण पोस्टरवर पाचच दाखवा."

पुनावळ्याला घरी आले आणि मुकाट्याने पाचवं बोट रंगवून पाठवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

उद्या ते पोस्टर युसुफभाईंच्याच मशीनसमोर लागेल. सांगा राव, त्यांना कुठल्या तोंडाने भेटू?