यादीतलं शेवटचं गाव

फॉर्म वैजनाथ गुरुजींनी भरूनच आणला होता. शिल्पा बिराजदारच्या आयुष्यातला प्रत्येक फॉर्म तिच्या या वडिलांनीच भरला होता. दहावीचा, लातूरच्या अकरावीचा, सीईटीचा, नांदेडच्या मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाचासुद्धा. जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर घोटलेलं अक्षर, एक खाडाखोड सापडायची नाही. त्यामुळं २००९ साली पोरगी एमबीबीएस होऊन इंटर्नशिपला उभी राहिली, तेव्हाही ते लातूरहून सकाळच्या एसटीनं आले, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसले आणि पिशवीतून कागद काढून म्हणाले, "सही कर."

इंटर्नशिप म्हणजे वर्षभर एकेका विभागात हाताखाली काम करायचं. त्यातले तीन महिने खेड्यातल्या आरोग्य केंद्रात. कोणते तीन महिने आणि कोणतं केंद्र, हे मेरिटप्रमाणं एकेकाला बोलावून विचारत. जानेवारीत पीजीची प्रवेश परीक्षा असायची. म्हणून वरच्या नंबरातली पोरं ठरलेलंच मागायची: ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि नांदेडला चिकटून असलेलं केंद्र. सकाळची ओपीडी उरकली की दिवस अभ्यासाला मोकळा. शिल्पाचा नंबर पाचवा होता. गुरुजींनी नेमकं तेच लिहिलं होतं.

तिनं कागद वाचला, घडी घातली आणि उठून थेट ऑफिसच्या खिडकीशी गेली. तिथं साहेबराव नावाचे जुने क्लार्क बसायचे.

"साहेबराव काका, कोरा फॉर्म द्या एक."

"का ओ मॅडम, खराब झाला का तो?"

"खराब न्हाई झाला. दुसऱ्याचा हाय तो."

मागं उभ्या असलेल्या गुरुजींनी हे ऐकलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

गुरुजींचंही चुकत होतं असं म्हणता येणार नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात तेरणाकाठचं त्यांचं गाव दगडमातीचा ढीग झालं, तेव्हा शिल्पा सात वर्षांची होती. पत्नी सिंधू आणि ही लेक, दोघींना त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरून काढलं होतं. त्या दिवसानंतर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट रुतून बसली: या पोरीनं इथं राहायचं नाही, शहरात जायचं आणि तिथंच मोठं व्हायचं. अकरावीला त्यांनी सिंधुबाईंना लातूरला उद्योग भवनाच्या मागं एका खोलीत ठेवलं, स्वयंपाकापुरतं. आपण गावात एकटे राहिले, हातानं पिठलं-भात करून खाल्ला. लातूरला तेव्हा ट्यूशनला नुसता ऊत आलेला. पहाटे साडेपाचला पहिली बॅच, गल्लीगल्लीत बोर्डांवर टॉपरांचे फोटो, नांदेड-परभणीपासून आलेली पोरं एकेका खोलीत चारचार. शिल्पानं तिथं दोन वर्षं मान खाली घालून अभ्यास केला. तिला त्याचा राग नव्हता. केमिस्ट्री तर तिला मनापासून आवडायची. पण त्या दोन वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलं नाही, की पोरी, तुझ्या मनात काय आहे.

तिच्या मनात होते आजोबा. ग्यानोबा आजोबांचा पाय तुळईखाली चेचला होता. भूकंपानंतर वीस-पंचवीस दिवस गावात डॉक्टरच डॉक्टर होते. लष्कराचे, मुंबईचे, पार परदेशातले. मग तंबू उठले. सरकारनं पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना टाकला, तिथं एका डॉक्टरची नेमणूकही झाली. सिंधुबाई रोज सासऱ्याला खाटेवर घालून तिथं न्यायच्या, आणि रोज कुलूप बघून परत यायच्या. नेमणूक झालेल्या त्या माणसानं वशिला लावून शहरातली जागा धरली होती. जखम चिघळली, आणि संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात पाय मांडीपासून काढावा लागला. आजोबा पुढं नऊ वर्षं कुबडीवर जगले. कुणी विचारलं तर सांगायचे, "डाक्टर व्हता की. कागदावर व्हता." ते हसत सांगायचे, आणि शिल्पाला त्या हसण्याचाच संताप यायचा.

कोऱ्या फॉर्मवर तिनं लिहिलं: जुलै ते सप्टेंबर, पावसाळ्याचे महिने, जेव्हा खेड्यात डॉक्टर सगळ्यात जास्त लागतो. केंद्रासाठी पसंतीच्या तीन ओळी होत्या. तिन्ही ओळींत तिनं एकच नाव लिहिलं. सागबोरी, मार्गे इस्लापूर. यादीतलं सगळ्यात खालचं गाव, किनवटच्या जंगलात शिरलेलं.

विभागप्रमुख श्रीनाथ सरांनी चष्मा वर सरकवला. "बिराजदार, पाचव्या नंबरवर सागबोरी? हे शेवटच्या नंबरला उरतं. आणि मुलींना आपण तिकडं पाठवत नाही."

"नियम आहे का सर तसा?"

"नियम नाही. काळजी आहे."

"काळजी तिथल्या बायकांचीही करावी लागेल ना सर. त्या रोज राहतातच तिथं."

शेजारी मालविका उभी होती, शिल्पाची खोलीतली मैत्रीण, नांदेडच्या एका नामांकित सर्जनची मुलगी. तिनं कोपरानं ढोसलं. "वेडी आहेस का? ऑक्टोबरात तुला प्रसूती विभाग येईल. छत्तीस-छत्तीस तास ड्यूटी. अभ्यास काय स्वप्नात करणार?"

"बघू."

"बघू काय बघू! रँक जाईल."

"जाईल तर माझी जाईल," शिल्पा म्हणाली.

सरांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि सही केली. बाहेर आल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "मी तुला दगडाखालून काढलं ते याच्यासाठी?" आणि उत्तराला न थांबता रिक्षात बसून स्टँडकडं निघून गेले. पुढचे पाच महिने फोन आला की तो सिंधुबाईंचा असायचा.

जुलैत शिल्पा सागबोरीला उतरली. फाट्यापासून चार किलोमीटर चिखल. केंद्राची इमारत धड होती, पण फरशीवर शेळ्या बसलेल्या. वैद्यकीय अधिकारी डॉ. मुकुल हा तिशीतला, थकलेला, गोड बोलणारा माणूस. त्यानं चहा मागवला आणि हजेरीपट पुढं सरकवला.

"मॅडम, इथं इंटर्न येऊन राहत नाही. तीन महिन्यांच्या सह्या आताच करा, नांदेडला जाऊन अभ्यास करा. मी काही लिहिणार नाही."

"सर, मी आजचीच सही करते. उद्याची उद्या."

"रागावू नका, तुमच्या भल्याचं सांगून राहिलो."

"माझं भलं सांगणारे लई झाले सर. खोलीची किल्ली द्या."

किल्ली कमलम्मानं दिली. कमलम्मा तिथली नर्स, पन्नाशीची, आदिलाबादकडची, अर्धी तेलुगू अर्धी मराठी बोलणारी. पहिला आठवडा ती शिल्पाकडं संशयानंच बघत होती. मग कोलाम आदिवासींच्या एका वस्तीवर दोघी नदी ओलांडून लसी टोचायला गेल्या. शिल्पा कमरेएवढ्या पाण्यात लसीचा डबा डोक्यावर धरून चालली. तेव्हा कमलम्मानं दुसऱ्या काठावर पदर पिळता पिळता निकाल दिला, "ही राहते." त्यानंतर तिनं हातचं राखलं नाही. आडवं मूल पोटावरून कसं ओळखायचं, घाबरलेल्या बाईशी आवाज किती ठेवायचा, साप चावलेल्याची पापणी कशी बघायची, हे सगळं तिनं शिकवलं. पुस्तकात ते होतंच, पण हातात नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी गुरुजी सागबोरीत आले. पोरीला घेऊन जायला. सह्या आधीच करून जा असं मुकुल सरांनी म्हटल्याचं सिंधुबाईंकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. उरलेल्या दिवसांच्या सह्या करून तिनं लातूरला यावं, एवढं मागायला ते आले होते. पाय धुऊन व्हरांड्यात बसतात न बसतात तोच चार माणसं एका बाईला झोळीत घालून धावत आली. कापसाच्या रानात निंदताना नाग चावला होता. मुकुल सर जीप घेऊन किनवटला मीटिंगला गेलेले.

बाईच्या पापण्या मिटत होत्या. शिल्पानं सलाईन लावलं, कमलम्मानं सापाच्या विषावरच्या लसीच्या कुप्या भराभर फोडल्या. शिल्पानं फोनवर मुकुल सरांना डोस विचारून पक्का केला. तेही तिकडून नीट, न अडखळता सांगत होते. तेवढ्यात बाईचा श्वास उथळ झाला. मग अडकू लागला. शिल्पानं तोंडावर मास्क बसवला आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलायला लागली. किनवटच्या रुग्णालयात नेणं भाग होतं. गावातला मलप्पा टेम्पो घेऊन आला. पण मास्क घट्ट धरायला दोन हात लागत होते, पिशवी दाबायला आणखी दोन, आणि कमलम्माला सलाईन आणि नाडी सोडता येत नव्हती.

शिल्पानं मान वर करून वडिलांना हाक मारली. "दादा, इकडं या."

गुरुजी जागचे हलले नाहीत. "मला काय येतंय त्यातलं?"

"मोजता येतं ना? पाच मोजायचे, एकदा दाबायचं. पुन्हा पाच. जोरात न्हाई, छाती उचलली की सोडायचं. या लवकर!"

लेकीनं आपल्याला असा कधी हुकूम केलेला गुरुजींना आठवत नव्हता. ते टेम्पोत चढले. किनवटपर्यंत सव्वा तास लागला. खड्ड्यात आदळताना माणसं एकमेकांवर पडत होती, पण गुरुजींचा आकडा चुकला नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशा खणखणीत आवाजात. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. फाट्याच्या पुढं एकदा ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही मेली तर?" शिल्पा म्हणाली, "मोजा दादा."

ती मेली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः श्वास घेतला, आणि आठव्या दिवशी शुद्धीवर येऊन पहिली चौकशी बैलांची केली.

त्या रात्री सागबोरीला परतल्यावर गुरुजींनी खोलीत चहा घेतला. शिल्पाला वाटलं, आता तरी दादा समजून घेतील. ते म्हणाले, "हे चांगलं झालं. पण परीक्षा जानेवारीतच हाय."

"हाव. देईन की."

"रँक येणार न्हाई असं करून."

"न्हाई आली तर पुढच्या साली देईन. पण खोटी सही करून न्हाई यायची मी."

"हट्टी हायेस."

"हाय."

ते दुसऱ्या दिवशी एकटेच परत गेले.

गुरुजींचा अंदाज खरा ठरला. ऑक्टोबरपासून प्रसूती विभागानं तिला पिळून काढलं, आणि जानेवारीत तिचा नंबर इतका खाली गेला की यादीत शोधायला वेळ लागला. मालविकाला त्वचारोग शाखा मिळाली. लातूरात ओळखीचे लोक गुरुजींना गाठून हळहळले. शिल्पा रडली, एक अख्खा रविवार रडली. सोमवारी तिनं पुस्तकं काढली. दिवसा एका दवाखान्यात नोकरी, सकाळ-संध्याकाळ अभ्यास, असं वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी रँक चांगली आली. एवढी चांगली, की त्वचारोग मिळत होतं, डोळे मिळत होते.

प्रवेशाच्या फेरीला या वेळी गुरुजी सोबत होते, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कोणती शाखा?"

"भूलशास्त्र. अंबाजोगाई."

अधिकाऱ्यानं यादीवर पुन्हा नजर टाकली. "मॅडम, या रँकवर कुणी भूल घेत नाही. वरच्या जागा शिल्लक आहेत. पुण्यात, मुंबईत पण आहेत."

"दिसताहेत मला."

"पेशंटला तुमचं नावसुद्धा माहीत नसतं त्या कामात. वडिलांना तरी विचारा."

शिल्पा वडिलांकडं वळली नाही. वळायचं नाही, हे ती घरून ठरवूनच आली होती. पण गुरुजीच खुर्चीतून पुढं झुकले आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सुनवावं तसं म्हणाले, "साहेब, तिनं सांगितलंय ना? लिवा की मग."

आज शिल्पा लातूर जिल्ह्यात आहे. तालुक्यांच्या दवाखान्यांत सर्जन असतात, टेबल असतं, भूल देणारं माणूस नसतं, आणि बाळंतिणीला साठ-सत्तर किलोमीटर पुढं पाठवावं लागतं. शिल्पा जळकोटला राहते. तिथून तीन तालुक्यांत जाते, स्वतःची गाडी स्वतः चालवत. लातूर शहरातून दोन मोठ्या रुग्णालयांची बोलावणी आली, तिनं दोन्हींना नाही म्हटलं आणि कारण सांगायच्या भानगडीत पडली नाही.

परवा जळकोटात एक बाई आली. रक्तदाब वाढलेला, बाळ अडलेलं. सर्जन नवा होता, गडबडला. म्हणाला, "लातूरला पाठवू या मॅडम, धोका नको."

"रस्त्यात झटके आले तर धोका कुणाचा?" शिल्पानं हातमोजे चढवले. "लेखी हवं असेल तर माझ्या नावानं लिहा. बाईला टेबलावर घ्या."

चाळीस मिनिटांनी मुलगी रडली. चांगली दणकून रडली. शिल्पानं बाईची नाडी बघितली, तिच्या कपाळावरचा घाम पुसला, तासभर तिथंच स्टुलावर बसून राहिली. मग बाहेर येऊन उभ्या उभ्या डबा खाल्ला. शेवटचा घास तोंडात असतानाच उदगीरच्या दवाखान्याचा फोन आला, आणि ती गाडीची किल्ली शोधायला लागली.