दुसऱ्या पडद्याची जागा

माझ्या सुनेबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. तिचं काम मला पुरतं कळत नाही, म्हणून जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

ती ग्राफिक्स कार्ड बनवते. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावर चित्र उमटवणारी ही हिरवी पट्टी बाजारात हवी तेवढी मिळते. पण तिच्या आत काय चालतं ते कंपन्या सांगत नाहीत. बिघडली की फेकून द्यायची. सुनेने आणि तिच्यासारख्याच काही वेड्यांनी ठरवलं, ज्याचा सगळा नकाशा कुणालाही बघता येईल, दुरुस्त करता येईल, असं कार्ड करायचं. त्यासाठी तिने चांगली नोकरी सोडली. आमची ही म्हणाली, "नोकरी सोडलीस ते सोडलीस, आता निदान वेळेवर जेव तरी."

मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. तिथे तिचा कामातला जोडीदार रोज येतो. त्याला सगळे दाढी म्हणतात. एका कार्डावर दोन पडदे चालावेत, हा भाग त्याचा. वर्षभर तो त्याच्यामागे हात धुऊन लागला होता.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत कारखान्याला शेवटचा नकाशा पाठवायचा होता. एकदा पट्ट्या छापल्या की बदल नाही. आणि नेमका सकाळीच दुसरा पडदा थरथरायला लागला.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघं पडद्याला नाक लावून बसले होते. मेमरी एकच, ती दोन्ही पडद्यांना पुरत नव्हती. सुनेने रंग कमी करून पाहिले. फोटोतल्या माणसाच्या गालावर डाग उमटले. मग चित्र बदलण्याचा वेग उतरवला. बघणाऱ्याचं डोकं दुखायला लागलं. इकडचं काढायचं, तिकडे लावायचं. ताटातली भाजी सुकून गेली.

"वेगवान मेमरी घे ना," दाढी म्हणाला.

"ती बनवणारी कंपनी सही मागते. आतली माहिती कुणाला दाखवायची नाही म्हणून. मग आपल्या नकाशात मधोमध एक काळा चौकोन."

"असू दे की एक चौकोन."

"मग खुलं काय राहिलं? खोकं?"

आमची ही दारातूनच म्हणाली, "सही करून टाक गं. लग्नाच्या वेळी कुठे वाचून केली होतीस?"

"म्हणून तर आता वाचतेय, आई."

दाढी हसला आणि लगेच त्याने तिच्याकडे पाहिलं. सुनेच्या मनात काय आहे ते त्याला कळलं असावं. मलाही कळलं. हा माणूस उठून गेला, तर ही पोरगी एकटी काय करणार?

"दुसरा पडदा काढूया," ती म्हणाली. "एकाला ही मेमरी पुरते. नीट पुरते."

"एका पडद्याचं कार्ड घेणार कोण? तुझे सासरे?"

मी कपबशा उचलल्या. 'मी घेईन' असं ओठांवर आलं होतं, पण माझ्या घेण्याने त्यांचं काय भागणार होतं?

"कदाचित कुणीच नाही घेणार," सून म्हणाली.

मग दाढी म्हणाला, "जागा तरी ठेव. रिकामी. पुढे कधी जमलं तर."

"ठेवली असती रे. पण त्या जागेमुळे मेमरीकडे जाणाऱ्या रेघांना वळसा पडतो. मग पहिलाही थरथरेल."

तो पडद्याकडे बघत राहिला. सुनेने माउसला हात लावला तसा तो एकदम उठला.

"थांब. तू नको. मी काढतो."

तिने खुर्ची दिली. दुसऱ्या पडद्याची एकेक रेघ तो स्वतः पुसत गेला. मध्येच थांबायचा, मान तिरकी करून बघायचा, की पुन्हा पुढे. सून त्याच्या मागे उभी होती, नख चावत. पुसून झाल्यावर त्याने सगळं परत एकदा तपासलं आणि नकाशा पाठवून दिला.

दाराशी चपला घालताना सुनेने विचारलं, "उद्या येशील ना?"

"एकच पडदा तपासायचाय ना आता? जरा उशिरा येईन."

ती हसली नाही. फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "बाबा, येईन असंच म्हणाला ना तो?"

"हो," मी म्हणालो. "येईन म्हणाला."