अर्धं भाजलेलं तूस

माझ्या मुलीने माझ्या सोबतीला एक कंद ठेवला आणि ती हैदराबादला निघून गेली.

कंद म्हणजे केवढा, तर लसणीच्या पाकळीएवढा. लोधिवलीजवळच्या एका फार्महाउसवर दुर्मिळ झाडांची विक्री भरली होती, तिथून मनूने तो पारखून आणला होता. नाव अलोकेशिया, मूळ गाव कुठलंसं बेट. मोठा झाला की त्याला चांदीचा वर्ख लावल्यासारखी पानं येतात म्हणे. तिने मोबाइलवर फोटो दाखवला.

"अगं, हा तर अळू," मी म्हणालो.

"बाबा, अळू नाही हा."

"मग अळूचा चुलतभाऊ असेल. आपल्या गावच्या घरी न्हाणीमागे फुकट यायचा. तुझी आई फदफदं करायची."

"याचं फदफदं करायचं नाही. रोज याच्याकडे बघायचं आणि काय काय झालं ते मला सांगायचं."

तिचा डाव मला कळला होता. तिची आई गेल्यापासून कर्जतच्या या दोन खोल्यांत मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघेच राहतो, आणि त्यातलं घड्याळ मागे पडतं. नोकरीभर मी अंधारात मुंबईला गेलो आणि अंधारात परत आलो, त्यामुळे गावात मला लोक ओळखत असतीलच तर पाठीकडून. निवृत्त झाल्यावर बोलायला एक बायको होती, तीही गेली. मनू रोज फोन करायची. "जेवलात?" "हो." "बरं आहे ना?" "हो. ठेवू?" एवढाच आमचा संवाद. ठेवून झाल्यावर मला वाटायचं, निदान काय जेवलो ते तरी सांगायला हवं होतं. पण पिठलं-भात रोजचाच, त्यात सांगण्यासारखं काय असणार?

आता निदान कंदाबद्दल बोलता आलं असतं. म्हणून तो जगायलाच हवा होता.

विक्रीवरच्या टोपीवाल्या गृहस्थाने मनूला बजावून सांगितलं होतं की, कंद मरतो तो नेहमी मातीने. माती हलकी हवी, हवा खेळती हवी, आणि खत हवं ते पूर्ण कुजलेलं. मूठ भरून आवळायची, उघडायची. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. वास पावसात भिजलेल्या रानाचा यायला हवा. आंबूस आला तर ते खत अजून कच्चं.

मी बाजारपेठेतल्या खत-बियाण्यांच्या दुकानात गेलो आणि तिथली पोती हुंगायला सुरुवात केली. पहिल्याला गोठ्याचा वास, दुसऱ्याला सुकटीचा, तिसऱ्याला कसलाच नाही. तिसऱ्यात मी नाक जरा जास्तच खोल घातलं आणि शिंकलो. काउंटरवरचं गिऱ्हाईक बाजूला सरकलं.

"काय लावायचंय काका?" दुकानदाराने विचारलं.

"अलोकेशिया."

"भेंडी, गवार असलं काय नाय का?"

शेवटी एक गांडूळखत माझ्या मुठीत गोळा झालं, टोचल्यावर फुटलं आणि नाकालाही पटलं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीटही मिळाली. राहिली हवा खेळती ठेवायची वस्तू. त्यासाठी शहरात पांढरे हलके खडे मिळतात, आणि ते नसतील तर भाताचं भाजलेलं तूस चालतं, असं इंटरनेटवर वाचलं. मला आनंदच झाला. आमचं सगळं घराणं भातातलं. चुलतभाऊ अजून गावाकडे शेती करतो. मी गिरणीतून तुसाचं पोतं आणलं.

तूस का भाजायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वडील दर वर्षी उन्हाळ्यात राब भाजायचे. रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरायचं आणि पेटवून द्यायचं. मातीतलं नको असलेलं बी जळून जातं, आणि मग पेरलं तेवढंच उगवतं. हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. फक्त वडील राब शेतात भाजत आणि मी दुसऱ्या मजल्यावर गॅसवर भाजायला घेतला, एवढाच फरक.

बायकोची लोखंडी कढई होती, तीत तूस घातलं. थोड्या वेळात स्वयंपाकघर दिसेनासं झालं. खोकत खोकत मी कढई गॅलरीत नेली, तिथे वारं लागलं आणि तुसाने मनापासून पेट घेतला. दार वाजायला लागलं. उघडलं तर खालच्या मजल्यावरचे भोईर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, हातात भरलेली बादली घेऊन उभे.

"अवो, काय जाळताय?"

"राब भाजतोय."

"घरात?"

एवढं बोलून त्यांनी बादली ओतली. निम्मी कढईत गेली, निम्मी माझ्यावर. आणि मग, मी भिजलेला उभा असताना, हे गृहस्थ मोरीतून पोछा आणून माझी लादी पुसायला लागले. इतकी वर्षं एका इमारतीत राहून आमचं कधी 'काय कसं काय'च्या पुढे गेलं नव्हतं. मी चहा टाकला. तो त्यांनी घेतला आणि जाताना म्हणाले, "पुन्ना भाजायचं असंल तं मला हाक मारा."

मी पुन्हा भाजलं नाही. अर्धं काळं, अर्धं पिवळंच राहिलेलं ते ओलं तूस तसंच खतात कालवलं, कुंडी भरली, मधोमध कंद ठेवला आणि प्रेमाने पाणी घातलं. सकाळी घातलं, दुपारी घातलं, संध्याकाळी दुसरं काही काम नव्हतं म्हणून पुन्हा घातलं.

आठवड्याभराने कुंडीतून हिरवी सुई वर आली! मी तसाच बनियनवर मनूला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती, तरी बाहेर येऊन बोलली. "अभिनंदन बाबा," म्हणाली. माझं अभिनंदन याआधी कुणी कधी केलं होतं ते मला आठवेना.

दुसरं पान आलं तेव्हा मात्र ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिला खोकला आला. "छान आहे," ती म्हणाली. "उद्या परत दाखवा."

मी रोज दाखवायला लागलो. पानं काही फोटोतल्यासारखी होत नव्हती. लांबच लांब, बोटभर रुंदीचीसुद्धा नाहीत. पण मी म्हटलं, बाळपणी सगळीच वेगळी दिसतात. मग एकाचे चार फुटवे झाले, चाराचे कितीतरी. पानांचं सांगून झालं की मी इतर सांगायचो. आज फदफदं केलं होतं आणि घशाला खाज सुटली. तुझी आई त्यात चिंच किती घालायची गं? तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि त्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. फोन ठेवल्यावर रडूही आलं, पण बरं वाटलं. भोईरही रोज संध्याकाळी वर यायला लागले. कुंडीभोवती एक फेरी मारायचे, गंभीर चेहऱ्याने "झ्याक हाय" म्हणायचे आणि चहाला बसायचे.

गणपती गेले आणि एका सकाळी बघतो तर मधला देठ फुगलेला. कळी! अलोकेशियाला कुंडीत फूल येणं किती दुर्मिळ, हे मी तोवर वाचलेलं होतं. त्याच रविवारी लोधिवलीला पुन्हा विक्री होती. मी जाहीर केलं की, कुंडी तिथे नेणार.

भोईर चहा पिता पिता थांबले. "कशाला? उगा उन्हातानाचं. झाड बावंल."

"भोईर, हे जाणकारांना दाखवायला नको?"

"आमी बगतोय ना रोज," ते म्हणाले. पण रविवारी त्यांनीच गाडी काढली. कुंडी मांडीवर घेऊन मी मागे बसलो. चौक गाव येईपर्यंत ते आरशातून कुंडीकडेच बघत होते.

फार्महाउसवर मांडवात टेबलं होती. टेबलांवर ठिपक्यांची, पट्ट्यांची, जांभळ्या पोटाची झाडं, आणि भोवती मुंबई-पुण्याहून आलेली हौशी मंडळी. मी टोपीवाल्यासमोर कुंडी ठेवली. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"हा माझाच कंद?"

"तुमचाच. मिश्रण माझं."

"पानात एवढा बदल मी कधी पाहिला नाही," तो म्हणाला.

झालं, भोवती गर्दी जमली. एका बाईंनी फोटो काढले. एकाने मला खुर्ची दिली. "पाणी किती घालता?" "खत कुठलं?" "मग पुढे काय झालं?" मला कितीतरी दिवसांत कुणी 'मग पुढे?' म्हणून विचारलं नव्हतं. मी मूठ आवळून खताची परीक्षा करून दाखवली. कढईची गोष्ट तर दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जाळ जरा वाढवून. भोईर लांब एका झाडाआड उभे होते. मनूलाही हे दिसावं म्हणून मी फोन लावला आणि कुंडीवर धरला.

आणि फोनच्या पडद्यावर मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. गाडीच्या हिसक्यांनी म्हणा किंवा वेळ भरली म्हणून म्हणा, कळी उकलली होती. आतून एक नाजूक हिरवा तुरा बाहेर आला होता आणि एका बाजूला झुकला होता. त्याला दाणे होते.

माझ्या आजोबांनी भात लावलं, वडिलांनी लावलं, चुलतभाऊ अजून लावतो. भात पोटरीला आलं, म्हणजे देठ आतल्या लोंबीने फुगला, की वडील जेवताना ते घरात मोठ्याने सांगायचे. मी तेव्हा पाढे पाठ करत असायचो.

"बाबा," मनू हळूच म्हणाली, "स्पीकर बंद करा."

मी फोन कानाला लावला आणि मांडवाच्या कडेला गेलो.

"लोंबी आलीय," ती म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या पानाला. मी आजोबांबरोबर आवणीला, भात लावायला जायचे ना."

"आणि भोईरांना?"

"त्यांना पहिल्याच पानाला. मी त्यांना फोन करून सांगितलं, बोलू नका म्हणून."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फोन ठेवत नव्हता, बाबा."

मी तेव्हाही फोन ठेवला नाही.

मागे टोपीवाला लोकांना सांगत होता की, हा फुलोरा त्याच्याही माहितीत नाही. त्या फोटोवाल्या बाई माझ्याकडे आल्या आणि यातलं एक रोप मिळेल का, बदल्यात त्या जांभळं झाड द्यायला तयार आहेत, असं म्हणाल्या. मी घसा खाकरला. "बाई, हे भात आहे," मी म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही फारच विनयशील आहात. शेवटी भोईर झाडाआडून बाहेर आले, माझ्या हातातून कुंडी घेतली आणि म्हणाले, "चला. पाखरं बसायच्या आत घरी नेऊ."

परतीच्या वाटेत ते इतके हसले की, त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. मग मीही हसलो.

दसऱ्याला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या, म्हणून मनू चार दिवस रजा काढून आली. इमारतीत दर वर्षी लोंब्या भोईरांच्या शेतावरून येतात. यंदा प्रत्येक दाराला माझ्या कुंडीतली एकेक बांधली, आणि त्या निमित्ताने मी पहिल्यांदाच प्रत्येक दारात उभा राहिलो. सगळ्यांनी मला गंभीर चेहऱ्याने अलोकेशिया कसा आहे म्हणून विचारलं. (कंद केव्हाच कुजून गेला होता, आणि उगवला होता तो अर्ध्या भाजलेल्या तुसात राहून गेलेला भाताचा दाणा. इतकं पाणी फक्त भातालाच मानवतं.)

मनूने येताना दुसरा कंद आणला आहे. खत मी हुंगून ठेवलंय, तुसाचं पोतंही भरून आणलंय, आणि भोईर बादली घेऊन कधीही वर यायला तयार आहेत. आता या वेळी तूस नीट भाजावं की नाही, एवढंच माझं अजून ठरत नाही.